शेळ्यांचे विमान आणि प्रश्नोत्तराचा तास

जुलै २०१८ चा पहिला आठवडा होता. मृगाचा पाऊस पडून गेला होता आणि कपाशीचे डवरणे सुरू झाले होते. मी रविवारचा अमरावतीहून गावी गेलो होतो. आमचे गाव मुर्तिजापूर तालुक्यात. एसटीतून उतरलो तर फाट्यावर आमच्या गावचे धनगर काका मेंढ्या-बकऱ्या घेऊन उभे होते. त्यांनी रामराम केला, मी जयभीम केला, आणि त्यांनी सरळ विचारले, "गुरुजी, ते बकऱ्याईचं इमान गेलं का?"

मी म्हणालो, "नाही गेलं काका. थांबवलं."

"काहून?"

"काही लोकांचा विरोध होता. जीवहत्या होते म्हणत होते."

काका हसले. "मंग इथं काय बकऱ्या म्हातारपनानं मरतेत?" मग थोडे थांबून म्हणाले, "आन सरकारनं काय कारन सांगतलं? कोनी इचारलं का त्याइले?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. चळवळीत आयुष्य घालवलेला, रोज तीन पेपर वाचणारा मास्तर मी, आणि मला सांगता येईना की सरकारने काय कारण दिले आणि ते कोणी विचारले. काकांनी दोन प्रश्न विचारले होते. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते : मांसाहार, शाकाहार, कोणाच्या भावना, कोणाचे ताट. दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोलत नाही. हा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. नागपूरच्या विमानतळावरून संयुक्त अरब अमिरातीतील शारजा येथे जिवंत शेळ्या-मेंढ्या मालवाहू विमानाने पाठवायची योजना आखली गेली. पुढाकार राज्यसभेचे तत्कालीन खासदार डॉ. विकास महात्मे यांचा. ते नेत्रतज्ज्ञ, धनगर समाजाचे नेते, आणि खासदार सत्ताधारी भाजपचे. म्हणणे असे की विदर्भातल्या शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला जोडधंद्याचा चांगला भाव मिळेल, आत्महत्याग्रस्त भागात चार पैसे येतील. ३० जून २०१८ ही तारीख ठरली. पहिल्या खेपेला सुमारे २,००० जनावरे जाणार, पुढे हा आकडा लाखाच्या घरात नेणार, अशा बातम्या होत्या. उद्घाटनाला मोठे मंत्री येणार होते. मग जैन समाजाच्या संघटनांनी विरोध केला, आणि ऐन वेळी कार्यक्रम पुढे ढकलला गेला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या विमानतळावरून हे विमान उडायचे होते त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्या नावासाठी आपण आनंद केला, पेढे वाटले. पण त्या विमानतळावर गरिबाचा माल चढणार की नाही, हे ठरत होते तेव्हा आपण कुठे होतो?

आता जैन बांधवांबद्दल स्पष्ट बोलतो, नाहीतर लेख भलतीकडे जाईल. त्यांनी विरोध केला, हा त्यांचा अधिकार आहे. निवेदन देणे, मोर्चा काढणे, आपली श्रद्धा मांडणे, हे सगळे संविधानाने त्यांना दिले आहे, जसे ते आपल्याला दिले आहे. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. माझी तक्रार अशी की एका बाजूचे म्हणणे सरकारने ऐकले, धंदा थांबला, आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला, म्हणजे फाट्यावर उभ्या असलेल्या काकांना, कोणत्या कायद्याने, कोणाच्या सहीने आणि किती दिवसांसाठी हे थांबले ते कोणी येऊन सांगितले नाही.

शेळी म्हणजे काय हे ज्यांनी पाळली नाही त्यांना सांगावे लागते. माझे वडील शेतमजूर. घरी जमीन नव्हती. मायने दुसऱ्याच्या दोन बकऱ्या अर्धलीने आणल्या होत्या, म्हणजे सांभाळायचे आपण आणि पिल्लांची वाटणी निम्मी-निम्मी. त्यातून एक पाठ आमच्या वाट्याला आली, आणि तिच्यापासून आमचे खांड झाले. मी मॅट्रिक झालो तेव्हा डी.एड.ला जायला पैसे नव्हते. मायने दोन बोकड बाजारात नेले. सकाळी ती दोन बोकड घेऊन गेली आणि संध्याकाळी माझी फी आणि एक पांढरा सदरा घेऊन आली. मी पुढे चाळीस वर्षे शिकवले. माझ्या पेन्शनचा पाया शोधायला गेले तर तिथे दोन बोकडच सापडतील.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. विहीर खोदली तर खारे पाणी लागते. ते पिता येत नाही आणि पिकालाही चालत नाही. म्हणून शेती पावसावर. पाऊस गेला की कपाशी गेली, तूर गेली. अशा वेळी घरात विकता येण्यासारखी एकच वस्तू उरते, ती म्हणजे दारातली बकरी. बँकेला सात-बारा लागतो, जामीनदार लागतो. बकरीला बाभळीचा पाला आणि शेंगा पुरतात. भूमिहीन माणसाची, विधवेची, परित्यक्तेची ती बँक आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात. आपल्या विदर्भाची बेरारी शेळी ही तर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीजवळ पोहऱ्याला शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. म्हणजे शेळी वाढवा असे सांगायला सरकारकडे विद्यापीठ आहे, महामंडळ आहे, अनुदान आहे. वाढवलेली शेळी कुठे विकायची, हे सांगायची वेळ आली की मात्र सरकार गप्प होते.

आणि ही गोष्ट पहिली नव्हती. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात सुधारित प्राणी संरक्षण कायदा लागू झाला. गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद होती. नव्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हातारा बैल विकून नव्या गोऱ्ह्यासाठी पैसे उभे करायची कोरडवाहू शेतकऱ्याची जुनी सोय गेली. माझ्या गावात मी डोळ्यांनी पाहिले की त्यानंतर माणसे बकरीवर अधिक टेकली. मग तीन वर्षांनी बकरीच्या विमानाचे हे असे झाले. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे. २०१५ चा कायदा मला मान्य नाही, पण तो कायदा आहे. विधिमंडळात संमत झाला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, लोक उच्च न्यायालयात गेले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. भांडायला कागद होता, म्हणून भांडता आले. नागपूरच्या विमानाबाबत काकांनी भांडायचे तर कोणत्या कागदाशी?

संविधानाच्या कलम १९ (१) (छ) ने प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय, धंदा, व्यापार करण्याचा अधिकार दिला आहे. त्यावर निर्बंध घालता येतात, पण ते वाजवी असले पाहिजेत, जनहितासाठी असले पाहिजेत, आणि कायद्याने घातले पाहिजेत. कोणाच्या नाराजीने किंवा कोणाच्या फोनने नव्हे. दुसरे असे की परदेशाशी व्यापार, आयात-निर्यात, हा सातव्या अनुसूचीतील केंद्राच्या सूचीचा विषय आहे, नोंद ४१. म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदाराने हा प्रश्न लावला तर राज्याचा मंत्री म्हणेल, "विषय केंद्राचा आहे," आणि ते खरेही असेल. उत्तर द्यायचे ते दिल्लीने, आणि दिल्लीला उत्तर द्यायला लावण्याची जागा एकच : संसद.

इथे बाबासाहेबांची आठवण होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत यांची तुलना केली. लोकशाहीच्या कार्यकारी मंडळात दोन गुण हवेत, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असे त्यांनी मांडले. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. आपण जबाबदारी निवडली. का? कारण संसदीय पद्धतीत सरकारची झडती दोनदा होते. एक झडती मतदार पाच वर्षांनी घेतात. दुसरी झडती सभागृहाचे सदस्य रोज घेतात, आणि रोजच्या झडतीची जी हत्यारे बाबासाहेबांनी मोजली त्यात पहिले नाव प्रश्नांचे आहे. त्यानंतर ठराव, अविश्वास, तहकुबी आणि अभिभाषणावरील चर्चा. पाच वर्षांनी होणाऱ्या झडतीपेक्षा ही रोजची झडती अधिक परिणामकारक आहे, असे त्यांचे मत होते.

आपण चळवळीतले लोक पाच वर्षांच्या झडतीवर आयुष्य घालवतो. तिकीट कोणाला, युती कोणाशी, मते कोणी फोडली. रोजच्या झडतीचे काय? ती कशी चालते हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? मला स्वतःला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते, म्हणून इथे सांगतो.

लोकसभेत कामकाजाचा पहिला तास प्रश्नांचा असतो, सकाळी ११ ते १२. राज्यसभेत तो आता दुपारी १२ ते १ असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. खासदाराने साधारण पंधरा दिवस आधी सूचना द्यायची. मंत्री म्हणाला की "माहिती गोळा केली जात आहे", तर ते आश्वासन समजले जाते, आणि शासकीय आश्वासनांची समिती त्याचा पाठपुरावा करते. ते तीन महिन्यांत पूर्ण करावे असा दंडक आहे. मंत्र्याने जाणूनबुजून खोटे उत्तर दिले तर हक्कभंग होतो. माहितीच्या अधिकारात मिळालेला कागद एकट्या अर्जदाराच्या हाती येतो. सभागृहातले उत्तर देशाच्या दप्तरात कायमचे नोंदले जाते आणि उद्या कोणीही वकील ते न्यायालयात ठेवू शकतो. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये करोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हा ती छोटी गोष्ट नव्हती. रोजची झडतीच त्या अधिवेशनापुरती बंद केली होती.

प्रश्नाने काय होते, असे कोणी विचारेल. त्यासाठी एक परदेशातले उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियातून इंडोनेशियाला जिवंत गुरांची मोठी निर्यात होते. ३० मे २०११ रोजी तिथल्या दूरचित्रवाणीवर इंडोनेशियातल्या कत्तलखान्यांतील क्रौर्याचे चित्रण दाखवले गेले. देश हादरला. ७ जूनला कृषिमंत्री जो लुडविग यांनी इंडोनेशियाला होणारी निर्यात थांबवण्याचा आदेश काढला. हे मंत्री सिनेटचे सदस्य होते. सिनेटमध्ये विरोधकांनी त्यांना धारेवर धरले : आधी माहिती होती का, सगळ्यांनाच शिक्षा का, जे नियम पाळतात त्यांचे काय, कुरणांवर अडकलेल्या गुरांचे काय, नुकसान कोण भरणार? सिनेटच्या समितीने चौकशी केली. महिन्याभरात, ६ जुलैला, बंदी उठली. पण जुन्या पद्धतीने नाही. जनावर परदेशात पोचून कापले जाईपर्यंत त्याला कसे वागवले जाते यावर निर्यातदाराने लक्ष ठेवायचे, अशी नवी अट आली. प्रकरण तिथेही संपले नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका गुरेपालक कंपनीने खटला भरला. २ जून २०२० रोजी तिथल्या संघीय न्यायालयाने तो आदेश अवैध ठरवला आणि मंत्र्याने आपल्या पदाचा गैरवापर केला असा निकाल दिला. नऊ वर्षे लागली, पण आदेश होता म्हणून निकाल लागला.

आणि ज्यांना हा व्यापार बंदच करायचा आहे त्यांनी काय केले तेही पाहा. न्यूझीलंडने जिवंत गुरे समुद्रमार्गे पाठवणे एप्रिल २०२३ च्या अखेरीस बंद केले, तेही आधी कायदा करून आणि सुमारे दोन वर्षे मुदत देऊन. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून मेंढ्यांची समुद्रमार्गे जिवंत निर्यात १ मे २०२८ पासून बंद करायचे ठरवले आणि मेंढपाळांना दुसऱ्या मार्गावर नेण्यासाठी निधी जाहीर केला. तुमचा विरोध प्रामाणिक असेल तर रस्ता हा आहे. कायदा आणा, चर्चा होऊ द्या, तारीख द्या, भरपाई द्या.

आपल्याकडे काय होते? नागपूरच्या विमानानंतर महिन्याभराने, ऑगस्ट २०१८ मध्ये, केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याने बंदरांतून होणारी जिवंत जनावरांची निर्यात पुढील आदेशापर्यंत थांबवल्याच्या बातम्या आल्या. त्याचा फटका कच्छमधल्या टुना बंदराला बसला. जून २०२३ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १८९८ च्या ब्रिटिशकालीन पशुधन आयात कायद्याच्या जागी आयात-निर्यातीच्या नव्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. गदारोळ झाला आणि दोन आठवड्यांच्या आत मसुदा मागे घेतला गेला. तो मसुदा चांगला होता असे मी म्हणत नाही. त्यात कुत्री-मांजरेही आली होती आणि प्राण्यांच्या हालांबद्दलचे आक्षेप रास्त होते. पण तो सभागृहात मांडलाच गेला नाही, त्यामुळे धनगर काय म्हणतो, खाटीक काय म्हणतो, शेळी पाळणारी बाई काय म्हणते, हे ऐकण्याची वेळच आली नाही. आला कसा आणि गेला कसा, दोन्ही वेळा काका फाट्यावरच उभे.

आता आपल्याच लोकांचे आक्षेप. मी हा विषय आमच्या विहारातल्या बैठकीत काढला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, "गुरुजी, आपण बौद्ध. पहिले शीलच प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. तुम्ही कापायला जाणाऱ्या शेळ्यांची वकिली कशी करता?" प्रश्न चांगला होता. मी त्याला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला सांगितले. बाबासाहेबांनी तिथे अहिंसेबद्दल नेमका भेद केला आहे : मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. बुद्धाने अहिंसा तत्त्व म्हणून दिली, नियम म्हणून नाही. तत्त्व माणसाला विचार करून वागायला मोकळे ठेवते, नियम त्याला बांधून टाकतो. आणि समजा एखाद्याने शील म्हणून मांस सोडले, तर त्याचे अभिनंदन. पण आपले शील दुसऱ्याच्या चुलीवर सरकारकरवी लादणे हे शील नाही, ती सत्ता आहे. कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवण्याचा खेळ किती जुना आहे हे बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात दाखवले आहे. त्या खेळाचे बळी आपण आहोत, आपण तो दुसऱ्याशी खेळायचा नाही.

दुसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण मनात असतो. शेळ्या-मेंढ्या धनगरांच्या, धंदा खाटकांचा, खासदार भाजपचा. आपल्याला काय करायचे? हा आक्षेप माझ्याही मनात होता, हे मी इथे कबूल करतो. त्या आठवड्यात मी अमरावतीत एका शिष्यवृत्तीच्या निवेदनावर सह्या गोळा करत होतो. ते काम महत्त्वाचेच होते. पण निवेदनाच्या त्याच कागदावर दुसरा मुद्दा म्हणून शेळ्यांचे विमान लिहायला मला दोन ओळी लागल्या असत्या. मी लिहिल्या नाहीत. सरकारने कारण सांगितले नाही हे खरे, पण मीही विचारले नाही. ज्या मायच्या दोन बोकडांवर मी शिकलो, त्या मायचा मुलगा असून विचारले नाही.

आणखी एक कारण खोलवर आहे. बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली ढोरे ओढणे सोडायला सांगितले, मृत मांस सोडायला सांगितले. आपण सोडले, आणि त्यातून माणूस म्हणून उभे राहिलो. पण पुढे-पुढे आपण जनावर या विषयापासूनच अंग चोरायला लागलो. जणू बकरी-कोंबडीबद्दल बोलले की शिकलेल्या माणसाचा दर्जा कमी होतो. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले होते ते गावकीचे बळजबरीचे, अपमानाचे काम. स्वतःच्या मालकीची शेळी स्वतःच्या भावाने विकणे हे त्याच्या नेमके उलट आहे. तो स्वाभिमानाचा धंदा आहे.

तिसरा आक्षेप प्राण्यांच्या हालांचा. तो मी पूर्ण मान्य करतो. ट्रकमध्ये कोंबलेल्या, पाय मोडलेल्या बकऱ्या मी हायवेवर पाहिल्या आहेत. म्हणून तर प्रश्न विचारायचा. प्रवासात पाणी किती, जागा किती, पशुवैद्यक कोण, तपासणी कुठे? चांगली अट घालून चालू असलेला व्यापार हा अट न सांगता थांबवलेल्या व्यापारापेक्षा जनावरालाही बरा. विमान थांबले म्हणून त्या २,००० जनावरांतले एकही कसायाच्या सुरीपासून वाचले असेल असे मला वाटत नाही. ती इथल्याच बाजारात गेली असतील, इथल्याच ट्रकमधून.

वऱ्हाडला हे नवीन नाही, म्हणून मला आशा आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, विषय होता अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा. त्या लढ्यात पापळच्या कुणबी घरातले पंजाबराव देशमुख आपल्या बाजूने उभे होते. तेच पंजाबराव पुढे संविधान सभेत गेले आणि स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. इतर समाजाचा माणूस आपल्या प्रश्नावर उभा राहिला होता. आपण धनगराच्या प्रश्नावर उभे राहिलो तर ती त्याचीच परतफेड. आणि संसदेची खुर्चीही आपल्याला अनोळखी नाही. १९९८ मध्ये अकोल्यातून प्रकाश आंबेडकर आणि अमरावतीतून रा. सू. गवई एकाच वेळी लोकसभेत होते. अमरावती २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. कोणताही पक्ष जिंको, तिथून जाणारा खासदार आपल्यातला असतो. त्याला मत देऊन आपण घरी बसतो. प्रश्न देत नाही.

म्हणून मी या वेळी प्रश्न लिहून काढले आहेत. खासदार कोणत्या पक्षाचा हे पाहायचे नाही. त्याच्या कार्यालयात द्यायचे आणि पोच घ्यायची. मसुदा असा :

पहिला : नागपूर विमानतळावरून ३० जून २०१८ रोजी होणारी शेळ्या-मेंढ्यांची निर्यात कोणत्या खात्याच्या, कोणत्या लेखी आदेशाने थांबली, आदेश नसेल तर निर्णय कोणी घेतला?

दुसरा : त्या निर्णयापूर्वी मेंढपाळ, शेळीपालक आणि त्यांच्या संघटना यांचे म्हणणे ऐकले का, ऐकले नसेल तर का नाही?

तिसरा : जिवंत शेळ्या-मेंढ्यांच्या हवाई आणि सागरी निर्यातीला आज परवानगी आहे काय, असल्यास प्राण्यांच्या वाहतुकीसाठी कोणत्या अटी आहेत आणि विदर्भात तपासणीची सोय कुठे आहे?

चौथा : निर्यात अचानक थांबल्यास भूमिहीन आणि अल्पभूधारक पशुपालकांना भरपाई देण्याचे काही धोरण आहे काय?

चारही प्रश्नांत कोणाच्या धर्माचे नाव नाही, कोणाच्या ताटाचे नाव नाही. उत्तर "नाही" आले तरी चालेल. "नाही" असे मंत्र्याच्या सहीने सभागृहाच्या दप्तरात आले, तर त्या "नाही"शी भांडता येते.

काका आता थकले आहेत. मागच्या दिवाळीत त्यांनी खांड विकले. पोरगा पुण्याला वॉचमन आहे, बकऱ्या राखायला घरी कोणी नाही आणि चराईला रानही उरले नाही. मी हे चार प्रश्न त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "आता काय फायदा गुरुजी, माह्या तं बकऱ्या गेल्या." मग उठून आत गेले, आणि चष्मा घेऊन बाहेर आले. "आना इकडं, कुठं सही कराची?"

पहिली सही त्यांची आहे, दुसरी माझी. मुर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, बाळापूर, भातकुली, ज्यांच्या दारात आजही बकरी बांधली आहे त्यांनी पुढच्या सह्या कराव्यात आणि आपापल्या खासदाराकडे न्याव्यात. शिष्यवृत्तीच्या निवेदनासोबत न्या, वेगळा मोर्चा काढायची गरज नाही. पोच घ्यायला मात्र विसरू नका.

जय भीम.